कातळातला पाझर

“…मग हे पाणी येतं कुठून?” बाईंनी विचारलं.

“खालून,” निखिलेश म्हणाला.

“खालून म्हणजे?”

“कातळातून. पाझर आहे.”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे लॅपटॉपच्या अगदी जवळ नेले.

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक निळी, एक तांबडी. निळी म्हणजे केंद्रामागच्या डबक्यात रोज पट्टीनं मोजलेलं पाणी. तांबडी म्हणजे निखिलेशच्या मॉडेलनं सांगितलेलं पाणी. एका शिवणीवरून दुसऱ्यांदा मशीन फिरवावी तशा त्या एकमेकींवर बसल्या होत्या.

“छान बसल्यात,” बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. त्यानं ते कौतुक धरलं. मीही धरलं.

वाघणच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, केळुसकर बाईंचं अभ्यासकेंद्र आहे. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि मागं स्वयंपाकघर. बाई डॉक्टर आहेत, पण सुईच्या नव्हेत. बेडूक, गवत, पाणी यांचा त्यांचा अभ्यास. कॉलेजातून निवृत्त झाल्या आणि इथं येऊन राहिल्या. शिकायला मुलं येतात, महिना-दोन महिने राहतात, जातात. त्यांचं जेवणखाण मी बघते. माझे मालक ट्रॉलरवर असतात आणि मुलगी अंगावर पिणारी, म्हणून तिला घेऊन मी तिथंच राहते.

मॉडेल म्हणजे काय ते मला बाईंनी एकदा भाकऱ्या थापताना सांगितलं होतं.

म्हणाल्या, समज तुझा पिठाचा डबा आहे. काल इतकं पीठ होतं, आज इतकं आहे, म्हणजे परवा संपणार. ही एक रीत. नुसती आकड्यांवरून चालणारी. दुसरी रीत अशी, की घरात माणसं किती, कोण किती भाकऱ्या खातं, पाहुणा कधी येतो, दळण कोण आणतं, हे सगळं मांडायचं आणि त्यावरून डबा कधी संपेल ते काढायचं. पहिल्या रीतीला ‘का’ ते सांगावं लागत नाही. दुसरीला सांगावं लागतं.

मी म्हटलं, मग दुसरीच चांगली की.

बाई हसल्या. म्हणाल्या, “दुसरीत खोटं ‘का’ सांगता येतं ना, सुलू.”

निखिलेश ढवण पुण्याहून आला तो ही दुसरी रीत शिकायला. पहिल्या रीतीत त्याचा हात धरणारं कुणी नाही, असं त्याच्याबरोबर आलेल्या पत्रातच होतं म्हणे. आल्या दिवशी त्यानं बाईंना सांगितलं, आठवडाभरात होईल माझं. बाई म्हणाल्या, माझे केस पांढरे झाले, मला अजून झालंसं वाटत नाही. तो हसला. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर आपण हसतो तसं.

पोरगा वाईट नव्हता. मला वहिनी म्हणायचा. भांडी घासायला यायचा आणि ती परत मला घासावी लागायची. फक्त आपलं चुकेल हे त्याला कधी वाटायचंच नाही.

आमचा सडा म्हणजे नुसता काळा कातळ. पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साठतं, त्यात बेडूक अंडी घालतात, आणि मग बेडूकमासे होतात. बेडूकमासे म्हणजे शेपटीवाली पिल्लं. त्यांना पाय फुटेपर्यंत डबक्यात पाणी टिकलं तर ती बाहेर उड्या मारतात. नाही टिकलं तर नाही.

त्या वर्षी श्रावणात पाऊस गेला तो गेलाच. ऊन असं पडलं की कातळावर पाय ठेववेना. एकेक डबकं आटलं. बाजूच्या खळग्यात मी ती पिल्लं पाहिली, कढईला जिरं चिकटावं तशी चिकटलेली. मुलीला पोटाशी धरून मी मागं फिरले. अंगणवाडीतल्या ताईंनी तेव्हा नुकतंच कार्डावर दाखवलं होतं, की वजनाची एक रेघ असते आणि माझी पोर त्या रेघेच्या खाली आहे. तेव्हापासून मला रेघांची धास्तीच बसलेली. बारीक जीव बघवायचा नाही कुठलाच.

केंद्रामागचं एकच डबकं आटलं नाही. एक घोंगडी अंथरावी एवढं ते. संध्याकाळी पाणी खाली जायचं आणि सकाळी पट्टीवर चार-पाच रेघा वर आलेलं असायचं.

निखिलेशचं मॉडेल तिथंच अडलं होतं. त्याच्या हिशेबानं ते डबकं केव्हाच कोरडं व्हायला हवं होतं. त्यानं धुकं धरून बघितलं, दव धरून बघितलं. रेघा बसेनात. ताटात बोटं फिरवायचा आणि उठून जायचा. मी म्हटलं, आमटीत काही कमी आहे का रे? म्हणाला, आमटीत नाही वहिनी, डबक्यात जास्त आहे.

मग एका दुपारी तो नाचतच स्वयंपाकघरात आला. पाझर सापडला म्हणाला. कातळाखालून पाणी सारखं वर येतं, दिवसा उन्हानं उडून जातं म्हणून कळत नाही, रात्री ऊन नसतं म्हणून साठतं. मॉडेलात पाझर घातला आणि दोन्ही रेघा एकदम बसल्या. त्या दिवशी त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या.

तो नुसता अभ्यासच असता तर गोष्ट वेगळी होती.

डबक्याच्या वरच्या अंगाला उतार आहे. पलीकडं चिरेखाण. खाणवाल्यांना तो उतार कापायला हवा होता, आणि गावातल्या बऱ्याच घरांची चूल त्या खाणीवर पेटते. ग्रामसभेत ठराव येणार होता. सरपंच घाडी स्वतः केंद्रावर येऊन गेले. माणूस सरळ. बाईंना म्हणाले, बेडकांवर आमचो राग नाय, पण उतार कापल्यार डबक्यात पाणी रवतलां काय नाय, येवढाच सांगा.

बाई तोंड उघडणार, त्याआधी निखिलेश म्हणाला, राहील. पाणी खालून येतंय. वरचा उतार कापला तरी डबक्याला काही होणार नाही. सभेत मी उभा राहून सांगतो.

सरपंच खुशीत गेले.

त्या संध्याकाळी पडवीत बाईंनी त्याला पुन्हा विचारलं. आवाज चढवून नाही. बाईंचा आवाज चढत नाहीच.

“पाझर पाहिलास का तू?”

“पाहायची गरज नाही, बाई. आकड्यांत आहे तो.”

“पट्टी कधी कधी वाचतोस?”

“सकाळी आणि संध्याकाळी.”

“आणि मध्ये?”

“मधलं मॉडेल भरतं.”

“…मधलं मॉडेल भरतं,” बाई म्हणाल्या. पुस्तकातलं वाक्य पाठ करावं तसं म्हणाल्या.

सभेच्या आदल्या दिवशी जेवताना निखिलेश म्हणाला, गावातल्या लोकांना रेघा काय कळणार, पहाटे जाऊन पाझराचा व्हिडिओच काढतो. पाणी वर येताना दिसलं की प्रश्न मिटला. मला म्हणाला, वहिनी, तुमचं बाळ पहाटे रडायला लागलं की मलाही हाक मारा.

बाई ताक पीत होत्या. वाटी खाली ठेवली.

“लवकर ऊठ मग,” म्हणाल्या.

पोरगी उजाडायच्या आधी उठलीच. मी त्याला हाक मारली. तो मोबाइल घेऊन मागच्या दारानं निघाला आणि पोर गप्प होईना म्हणून तिला खांद्यावर टाकून मीही मागोमाग गेले. कातळ अजून गार होता. आभाळ नुसतं राखेसारखं.

डबक्याच्या काठावर कुणीतरी उकिडवं बसलेलं.

जवळ गेल्यावर दिसलं, बाई होत्या. मांडीशी आमची पितळी कळशी. कळशी तिरकी धरून त्या पाणी सोडत होत्या, पण सरळ डबक्यात नाही. डावा तळवा खाली धरला होता आणि त्या तळव्यावरून पाणी आत उतरत होतं. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालताना डोळ्यांवर हात धरतो ना, तसं. पिल्लं दचकत नव्हती. बाईंच्या बोटांभोवती गोळा झाली होती.

निखिलेश उभाच राहिला. मोबाइलचा उजेड बाईंच्या हातावर पडला होता.

“बाई… हे काय?”

बाईंनी वर बघितलं नाही. कळशीतलं शेवटचं पाणी सोडलं.

“पाझर,” म्हणाल्या.

माझी पोरगी रडायची थांबून कळशीकडं बघायला लागली.

“हे… कधीपासून?”

“बाकीची डबकी आटायला लागली तेव्हापासून.”

त्यानं मोबाइल बंद केला.

“तुम्ही माझे आकडे बिघडवलेत.”

“आकडे बरोबर आहेत. पट्टीवर दिसलं तेच तू लिहिलंस.”

“मग मॉडेल बिघडवलंत.”

“तेही छान बसलंय. मी म्हटलं की तुला.”

“पण पाझर नाहीच आहे.”

“नाही.”

“तरी बसलं…”

“हो.” बाई म्हणाल्या. “तरी बसलं.”

तो गर्रकन वळला. चार पावलं गेला, परत आला. त्यानं सरपंचांना शब्द दिला होता, अजून थोड्या वेळानं तो सगळ्या गावापुढं उभा राहून उतार कापा म्हणून सांगणार होता, आणि बाई हे सगळं माहीत असून ताक पीत बसल्या होत्या, असं बरंच काय काय तो बोलला. मला तोंडघशी पाडायचं होतं का तुम्हाला, असंही म्हणाला. कातळावर त्याचा आवाज फार मोठा वाटला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं.

“सुलूला वाटलं कळशी गळते,” म्हणाल्या. “तुला वाटलं कातळ गळतो.”

मला हसू फुटलं. खरंच होतं ते. रात्री भरून ठेवलेली कळशी सकाळी रिकामी सापडायची, म्हणून तळाला भोक असेल असं धरून मी ती तांबटाकडून झाळून आणली होती. झाळल्यावरही रिकामीच सापडायची, तर मी तांबटाला शिव्या दिल्या. आपल्या घरातलं माणूस पाणी उचलून नेत असेल हे मनात आलंच नाही.

निखिलेश हसला नाही. पण त्याचा आवाज खाली आला.

“मला शिकवायला केलंत हे?”

“छे.” बाई कळशीच्या काठावरून बोट फिरवत होत्या. “पिल्लांसाठी केलं. बघवेना मला. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले की जे चाललंय त्यात हात घालायचा नाही. आणि म्हातारपणी कळशी घेऊन निघाले. चोरून. गुडघे दुखतात तरी.”

“मग मी पाझर म्हणालो तेव्हा तरी सांगायचं होतं.”

“सांगणार होते.”

“मग?”

बाईंनी ओला तळवा पदराला पुसला.

“त्या दिवशी तू पोटभर जेवलास…”

रिकामी कळशी त्यांनी बाजूला ठेवली.

निखिलेश खाली बसला. बाईंच्या शेजारी, तसाच उकिडवा. खाली वाकून पाण्यात बघत राहिला. पिल्लांना मागचे पाय नुकते फुटत होते, मोहरीच्या मोडांसारखे. मला वाटलं आता हा रडतो की काय. रडला नाही. बाईंना उठताना हात लागतो हे त्याला माहीत होतं. तो उठला, हात पुढं केला, आणि कळशी स्वतःकडं घेतली.

“सभेत काय सांगू मी?”

“तुला काय माहीत आहे?”

त्यानं विचार केला. खरंच केला, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

“उतारावरून पावसाचं पाणी डबक्यात येतं. आणि आता पाऊस नाही. एवढंच.”

“एवढंच सांग,” बाई म्हणाल्या.

सभेला मी मुलीला घेऊन मागं बसले होते. निखिलेश उभा राहिला तेव्हा खाणवाले पुढं सरसावून बसले. त्यानं लॅपटॉप उघडलाच नाही. सरळ म्हणाला, मी चुकीचं सांगितलं होतं. पाझर नाही. मला जे माहीत नव्हतं ते माहीत असल्यासारखं मी सांगितलं. त्या डबक्याचं पाणी उतारावरून येतं, उतार कापला तर ते भरणार नाही.

सरपंच उठले. “काल पाझर होतो, आज नाय. उद्या परत येतलो काय?”

सगळे हसले. निखिलेशचे कान लाल झाले. कुणीतरी मागून विचारलं, मग इतके दिवस काय कुणी येऊन पाणी घालत होतं?

“आमच्या बाई,” तो म्हणाला.

आणखी हसले. पण हसता हसता काही बायका बाईंकडं वळून बघायला लागल्या. बाई खाली मान घालून पदराचं टोक गुंडाळत होत्या. शाळेत पकडलेल्या मुलीसारख्या. मग बरीच बाचाबाची झाली. खाणीत जाणाऱ्या पोरांनी आमच्या चुलींचं काय असं विचारलं, आणि ते मला माहीत नाही, असं निखिलेश म्हणाला. शेवटी सरपंचांनी उताराचा ठराव पुढच्या सभेवर ढकलला. बाहेर पडताना ते निखिलेशच्या खांद्यावर थाप मारून गेले. रागानं की कशानं, कळलं नाही.

संध्याकाळी मी पोरीला मांडीवर घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. ऊन उतरलं होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. निखिलेश विहिरीवरून स्वतः कळशी भरून आला होता आणि डबक्याच्या काठावर उभा होता. पट्टीवर पाणी सकाळपेक्षा खाली गेलं होतं.

कळशी कमरेवरच होती. वाकत नव्हता.

बाई काठी टेकत टेकत त्याच्याजवळ गेल्या.

“जड नाही होत?”

“बाई, मला कळत नाहीये,” तो म्हणाला. “आता पाणी घातलं, तर हे डबकं आपलं आपण किती टिकतं ते मला कधीच कळणार नाही. पुढच्या सभेत पुन्हा माझ्या हातात काही नसेल. आणि नाही घातलं…”

खाली पाण्यात कुठंतरी बारीक बुडबुडा आला आणि फुटला.

“…नाही घातलं तर कळेल. पण ही जातील.”

बाईंनी पाण्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

“काय करू, बाई?”

“घाल ना,” बाई म्हणाल्या. “हळू घाल. आणि किती घातलंस ते लिही.”